अक्काच्या टोळीनं वाटून खाल्लेली साखर

बाई मेडिकलमध्ये येऊन लघवीच्या त्रासाचं औषध कसं मागते, ते एकदा बघण्यासारखं असतं. आधी ती बाम घेते. मग खोबरेल तेलाची लहान बाटली. मग पोराच्या खोकल्याचं काहीतरी. शेजारी एखादा पुरुष गिऱ्हाईक उभा असेल तर तो जाईपर्यंत ती टूथपेस्ट उलटीपालटी करून बघत राहते. तो गेला की काउंटरवर वाकते आणि शेजारच्या भिंतीलाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणते, "ताई, जरा आग होते."

कुठे, ते मी विचारत नसे. रावेरच्या स्टेशन रोडवर मी उभा जन्म मेडिकल चालवलं. आता सून बसते आणि मी मागच्या खुर्चीवर बसून तिच्या कामात नाक खुपसते. एवढ्या वर्षांत सर्दीखोकल्याखालोखाल मी काय ऐकलं असेल तर ही कुजबुज. आमच्या धंद्यात असल्या तक्रारीवर एक ठरलेली लाल, आंबटगोड बाटली असते. त्यातलं औषध पाण्यात घालून घेतलं की आग शमते. जंतू मात्र तिथेच राहतात, म्हणून डॉक्टर गोळ्या देतात. आणि आमच्या बायका दोन गोळ्यांत बरं वाटलं की उरलेल्या डब्यात जपून ठेवतात, पुढच्या वेळेसाठी किंवा जावेसाठी. असं अर्धवट औषध घेतलं की जंतू मरत नाहीत, उलट शहाणे होतात. मग तीच बाई महिन्या-दीड महिन्यानं पुन्हा बाम घ्यायला येते.

अशात आमच्या शेजारच्या गाळ्यात एक डॉक्टर मॅडम आल्या. माहेर धुळ्याचं, वय माझ्या लेकीएवढं, बोलणं फटकळ. त्यांच्या चिठ्ठ्या माझ्याकडे येऊ लागल्या आणि एके दिवशी एका चिठ्ठीवर डी-मॅनोज असं नाव आलं. मी पाकीट मागवलं, मागचा मजकूर वाचला आणि सरळ त्यांच्या दवाखान्यात गेले.

"मॅडम, ही तर साखर आहे."

"साखरच आहे. फळांतही असते थोडी."

"लघवीच्या आजारावर साखर?"

"ताई, बसा," त्या म्हणाल्या. त्यांनी समोरचे पेशंट थांबवून मला जे सांगितलं, ते मी पुढे माझ्या पद्धतीनं शेकडो बायकांना सांगितलं. केळीची फणी कापताना हाताला चीक लागतो. तो कातडीला धरला की दगडानं घासला तरी निघत नाही. म्हणून आमच्याकडे बाया आधी हाताला तेल चोळतात. चीक तेलाला धरतो आणि हात धुतला की तेलाबरोबर निघून जातो. मूत्राशयातले बरेचसे जंतू असेच चिकट असतात. त्यांना बारीक बोटं असतात आणि त्या बोटांनी ते आतल्या अस्तराला धरून बसतात. ही साखर पोटात गेली की अंगात फारशी वापरली जात नाही, लघवीत उतरते. जंतू अस्तर सोडून तिलाच धरतात आणि लघवीबरोबर बाहेर पडतात.

"म्हणजे गोळ्या नकोत?"

"नकोत कसं? आजार असेल तर लघवी तपासायची, गोळ्या पूर्ण घ्यायच्या. ताप आला, कंबरेत कळ आली, लघवीत रक्त दिसलं तर साखरेची वाटच बघायची नाही, माझ्याकडे यायचं. साखर आहे ती पुन्हापुन्हा होऊ नये म्हणून. आणि आधीच सांगते, सगळ्यांना गुण येतो असं नाही. आमच्या डॉक्टरांतही यावर एकमत नाही."

डॉक्टरनं स्वतःच्या औषधाबद्दल असं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. त्या दिवसापासून त्या मला आवडू लागल्या.

साखर दुकानात आली आणि माझी करमणूक सुरू झाली. बाजारपेठेतल्या एका मारवाडी जैन घरातल्या, जमिनीखालचं कंदमूळ न खाणाऱ्या भाभी भिंग घेऊन आल्या. पाकीट चारी बाजूंनी वाचलं आणि विचारलं, "ताई, ये जमीकंद से तो नहीं बनता ना?" मी कंपनीच्या माणसाला फोन लावला. मक्यापासून करतात म्हटल्यावर भाभींचा जीव भांड्यात पडला. निवृत्त मास्तर असलेले एक नाना तर पुडी मागायला आले आणि ती साखर आहे म्हटल्यावर माझ्यावर उखडलेच. "डॉक्टरांनी माझी चहातली साखर बंद केली आणि तुम्ही पुडीतली चालू करता?" मी म्हटलं, नाना, मधुमेहवाल्यानं विचारल्याशिवाय घेऊच नये, आणि पुरुषाला असा त्रास पुन्हापुन्हा होत असेल तर कारण बहुतेक दुसरंच असतं. मॅडमच्या तपासणीत प्रोस्टेट वाढलेलं निघालं. नाना साखर घ्यायला म्हणून आले होते, ते जळगावहून ऑपरेशन करूनच परतले. आता मला रस्त्यात थांबवून दिवसातून किती वेळा आणि किती सुखानं लघवीला जातात ते खणखणीत आवाजात सांगतात.

पण मला सांगायची आहे ती अक्काची गोष्ट.

अक्काचं नाव मंगलाबाई. माहेर धुळे जिल्ह्यातलं, लग्न होऊन इकडे आली, पण बोली माहेरचीच, अहिराणी ठेवली. केळीच्या पॅकिंगची बायकांची टोळी होती, तिची ती मुकादम. गडी घड कापून डोक्यावरून बाहेर आणतात. बाया त्याच्या फण्या सोडवतात, तुरटीच्या पाण्यात धुतात, पुसतात आणि खोक्यात भरतात. ट्रक उभाच असतो. हे काम अनेक टोळ्या करतात, पण अक्काच्या टोळीचं वेगळं होतं. तिच्या गावातले लोक आपल्या लेकीसुनांना दुसऱ्या कोणाच्या ट्रॉलीत बसू देत नसत. अक्का सकाळी प्रत्येक दारात उभी राहून हाक मारायची आणि संध्याकाळी प्रत्येकीला दारात सोडायची, म्हणून त्या बायका गावाबाहेर पडू शकत होत्या.

या अक्काला लघवीचा त्रास लागला तो सुटेना. गोळ्या झाल्या, पुन्हा आला. पुन्हा गोळ्या, पुन्हा आला. "ताई, पुन्हा तेच शे," एवढंच ती म्हणायची. ती बाम वगैरे घेण्याच्या भानगडीत पडायची नाही. एकदा तिला थंडी वाजून ताप भरला आणि कंबर धरून ती मॅडमच्या दारात बसली. जंतू मूत्रपिंडापर्यंत चढले होते. सलाईन, इंजेक्शनं झाली. बरी झाल्यावर मॅडमनी तिला सांगितलं की नेहमीच्या गोळ्या आता तिच्यावर चालत नाहीत, आणि असं आणखी एकदा झालं तर उन्हातलं काम कायमचं बंद.

मी तिला भेटायला गेले तेव्हा खाटेवर बसून ती रडत होती. अक्काला रडताना मी पहिल्यांदा बघत होते. "ताई, मी घरमा बसनू ते त्या बठ्ठ्या घरमा बसतीन," ती म्हणाली. बठ्ठ्या म्हणजे टोळीतल्या सगळ्याच.

आणि तसंच झालं होतं. अक्का दवाखान्यात होती तेवढे दिवस टोळी मोडली. हिराबाई नावाची एक खमकी सासू होती, तिनं सगळ्यांत आधी आपल्या सुनेला ट्रॉलीतून खाली उतरवलं. "अक्का नाई त आमची सूनबी नाई," म्हणाली. तिचं बघून बाकीच्यांनी आपापल्या दारांना कड्या लावल्या.

मॅडमनी अक्काला साखर सुरू केली. रोजची पुडी, पाण्यात मिसळून. मी स्वतः तिला चमच्यानं ढवळून दाखवलं. अक्का कामावर गेली, टोळी जमली. आणि काही दिवसांनी ती पुन्हा काउंटरवर उभी. आग होत होती.

मॅडम म्हणाल्या, "काहींना गुण येत नाही, म्हटलं होतं मी. पण हिला इतक्या लवकर? ताई, ती घेते कशी ते एकदा बघून या."

घरी ती सापडायची नाही, म्हणून मी स्कूटी काढली आणि टोळी ज्यांच्या बागेत होती त्या भाऊंकडे गेले. सगळं आयुष्य केळीच्या गावात काढलं, पण कापणीच्या दिवशी बागेत मी कधी गेले नव्हते. बाया नुकत्या भाकरी खाऊन हात झटकत होत्या. माझ्याकडे पाठ असलेल्या अक्कानं कनवटीची पुडी काढली, दातानं फाडली आणि एकेक बाई तळहात पुढे करत गेली. प्रत्येकीच्या हातावर चिमूट. बायांनी ती फक्की तोंडात टाकली, तळहात चाटला आणि उठल्या. शेवटी पुडीत उरली ती चिमूट अक्कानं घेतली. पाण्याचा घोटसुद्धा नाही.

मी ओरडलेच. "अक्का! हा काय सत्यनारायणाचा प्रसाद आहे?"

अक्का दचकली, पण शरमली अजिबात नाही. "मी एकटी कशी खाऊ, ताई? ह्या बठ्ठ्यासले आग व्हस. आन एकटीनी खादं ते पचस का?"

टोळीचा रिवाजच तसा होता. बागेत जे येईल ते वाटून खायचं. ठेचा असो, जिलेबी असो, एखादीच्या माहेरून आलेला लाडू असो. रिवाज मोडणारी बाई टोळीत टिकत नसे आणि मुकादमानंच मोडला तर मग झालंच. एका बाईची साखर सगळ्या टोळीनं खाल्ली, म्हणजे ती कोणाच्याच कामाची राहिली नाही. मला हसू येत होतं आणि रागही.

"बरं, वाटली ती वाटली. कोरडी का खाता? पाणी कुठे आहे?"

माठ होता. झाकण घट्ट, वर पेला पालथा. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. एक तरुण पोरगी फिसकन हसली आणि पदर तोंडात धरला. अक्काच बोलली, "पानी पिसूत ते जासूत कोठे? चारीमेर गडी शेतस."

केळीची बाग बाहेरून घनदाट दिसते, पण कापणीच्या दिवशी तिच्या प्रत्येक ओळीत माणूस असतो. रस्त्याकडे ट्रकवाले, धुरे, म्हणजे शेताचे बांध, मोकळे, गाव लांब. म्हणून सकाळी घरून निघताना जायचं आणि मग संध्याकाळी घरी. मधल्या वेळात रावेरचं ऊन, तुरटीच्या पाण्यात हात आणि घशाला कोरड. वर्षानुवर्षं मी या बायकांना लाल बाटल्या विकत होते आणि आजार माठाच्या झाकणाखाली होता. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच.

मॅडमना सांगितलं तेव्हा आधी त्या हसून हसून टेबलावर आडव्या झाल्या. मग म्हणाल्या, या रविवारी तिकडे जाऊ. रविवारी त्या माझ्या स्कूटीवर मागे बसून अक्काच्या गावी आल्या आणि ओसरीवर सगळ्या टोळीला बसवलं. प्रत्येकीची तपासणी झाली. जिला गोळ्यांची गरज तिला गोळ्या, जिला साखरेची गरज तिला तिच्या नावाची वेगळी साखर. "जंतू साखरेला धरून बसले, पुढे काय?" त्या म्हणाल्या. "त्यांना बाहेर काढायला लघवी नको का व्हायला? पाणी पिणार नसाल तर पुड्या परत द्या."

अक्का म्हणाली, "आते पानी पिवानं. जे व्हई ते व्हई."

दुसऱ्या दिवशी अक्कानं भाऊंना आडोसा मागितला. भाऊ माणूस वाईट नाही, पण त्यांच्या डोक्यात ते शिरेना. इतकी वर्षं नाही लागला, आताच कुठून लागला, म्हणाले आणि ट्रकवाल्याशी बोलायला निघून गेले. अक्का सरळ माठाकडे गेली. तिनं माठाचं झाकण काढलं. बायांनी साखर पेल्यात ढवळली, वर लिंबू पिळलं आणि पोटभर पाणी प्यायल्या.

आता आमच्या बायकांची दुसरी रीत सांगायला हवी. एकटी बाई कधी जात नाही. एक उठली की सगळ्या उठतात. घटका-दीड घटकेत एक उठली आणि सगळी टोळी गावाच्या वाटेला लागली. घरापर्यंत जायचं, यायचं. आल्या, बसल्या, फण्या धुतल्या, पाणी प्यायल्या. पुन्हा एक उठली.

दुपारी माझा फोन वाजला. भाऊ होते.

"काहून वो ताई, तुमी आमच्या बायांले काय पाजलं? सकायपासून तिसऱ्यांदा गावात चालल्या! घड उन्हात पडेल हायेत, ट्रकवाला मले शिव्या देऊन राह्यला!"

"पाणी पाजलं, भाऊ."

"पानी? माठ त रोजच भरेल राह्यते!"

"राहतो, पण त्या पीत नव्हत्या."

मागे ट्रकचा भोंगा ऐकू येत होता. "कधीच नाई?" त्यांनी अगदी वेगळ्या आवाजात विचारलं.

"कधीच नाही. तुम्ही घरी विचारा, वहिनीसुद्धा बागेत आल्या की पीत नसतील."

ते घरी काय विचारून आले मला माहीत नाही. पण ऊन उतरायच्या आत बागेच्या कडेला आडोसा उभा होता. घडाला टेकू देतात ते बांबू चार कोपऱ्यांना, भोवती हिरवी शेडनेट दुहेरी, आत खोल खड्डा आणि दोन फळ्या, बाहेर पाण्याचा ड्रम. दाराला ठिबकच्या नळीची कडी भाऊंनी स्वतः बसवली. सगळं सोडवून गुंडाळलं की ट्रॉलीत मावायचं. पहिल्या दिवशी आत जायला कोणी धजेना, तेव्हा अक्का डोक्यावर पदर घेऊन ऐटीत गेली आणि बाहेर येऊन म्हणाली, "हाई ते हापिस शे!"

तेव्हापासून त्याचं नाव हापिस. अक्का हापिसात गेली म्हटलं की ट्रकवालेसुद्धा समजून दुसरीकडे तोंड करू लागले. टोळी कोणाच्याही बागेत जावो, हापिस ट्रॉलीत आधी चढायचं. एका बागाईतदारानं कुरकुर केली तेव्हा अक्का ट्रॉलीतून उतरलीच नाही. "पहिले हापिस उभं ऱ्हाई, मंग घडले हात लावसूत," म्हणाली. त्याचे घड कापून पडलेले. गेला मुकाट्यानं खड्डा खणायला.

तो सगळा हंगाम अक्काला ताप आला नाही. मधे एकदा आग झाली, पण ती त्याच दिवशी मॅडमकडे गेली, तपासून घेतलं आणि वेळेत निभावलं. टोळीतल्या बाकीच्याही हळूहळू माझ्या काउंटरवरून कमी झाल्या. श्रेय कोणाचं यावर माझा आणि मॅडमचा वाद कायम आहे. मी म्हणते साखरेचं, कारण काय झालं तरी माल माझा. त्या म्हणतात, "पूर्ण घेतलेल्या गोळ्या, साखर आणि पाणी यांत कोणाचा वाटा किती, ते मला विचारू नका. अक्का बरी आहे ना? झालं तर." धंद्याचं नुकसान होऊनही इतका आनंद मला दुसऱ्या कुठल्या गोष्टीत झाल्याचं आठवत नाही.

एक खंत मात्र आहे. एसटीतल्या बाई कंडक्टर, खेड्यावरच्या शाळेतल्या बाई, कॉलेजला जाणाऱ्या मुली, या सगळ्या इस्त्रीच्या कपड्यांत येतात आणि तशाच काउंटरवर वाकतात. त्यांच्या पिशवीतली पाण्याची बाटली संध्याकाळीही भरलेली असते. त्यांना मी साखर देते, मॅडमकडे पाठवते, पाणी प्या म्हणून सांगते. त्या मान हलवतात. त्यांच्यासाठी शेडनेट बांधून द्यायला कुठल्या भाऊंना फोन करू, हे मला अजून सुचलेलं नाही.

गेल्या हंगामात मॅडमनी अक्काची साखर थांबवली. उन्हातलं काम चालू ठेवायला हरकत नाही, असंही सांगितलं. पाणी मात्र सोडायचं नाही. अक्का दवाखान्यातून तडक माझ्याकडे आली आणि माझा हात धरून उभी राहिली. मग डोळे पुसून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडत होते तेव्हा टोळीची ट्रॉली स्टेशन रोडवरून जाताना दारात थांबली. वर बांबू, शेडनेट, माठ, आणि गाणी म्हणणाऱ्या बाया. मधोमध, नव्या लुगड्यात, ट्रॉलीची कड घट्ट धरून हिराबाई बसली होती. ज्या बाईनं सुनेला खाली उतरवलं होतं तीच.

"हिराबाई, तुम्ही? आणि सून कुठे आहे?"

"सून घरी. आज तिची सुट्टी," हिराबाई म्हणाली. "तरणी व्हती तवा मलेबी केयीच्या बागेत कामाले जायचं व्हतं, ताई. सासूनं जाऊ देलं नाई. म्हने, बाईची जात, दिसभर जाशीन कुठी? आता त सोय झाली. म्हटलं, अक्का, मलेबी ने."

ट्रॅक्टर सुरू झाला तसा हिराबाईनं पदर खोचला आणि सगळ्यांच्या वरताण आवाज लावला. मी कुलूप हातात घेऊन रस्त्याच्या मध्यापर्यंत गेले आणि ट्रॉली वळणाआड जाईपर्यंत हात हलवत राहिले. पायरीवर गिऱ्हाईक ताटकळत होतं. म्हटलं, थांबू दे.